डावी सुरगाठ

संपादकांनी यंदाही पत्रात लिहिलं आहे, "काहीतरी गमतीदार येऊ द्या. तो संपाचा किस्सा लिहिलात तरी चालेल, वाचकांना फार आवडतो."

तो किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की तो आता पाठांतरासारखा झाला आहे. सत्कारात सांगितला, शाळांच्या स्नेहसंमेलनांत सांगितला, या दिवाळी अंकातही एकदा छापून आला. धुळ्याला नाटक कंपनीच्या पडदेवाल्यांनी संप केला, रागाच्या भरात दर्शनी पडद्याचे दोर कापले, पडदा नायिकेच्या डोक्यावर येता येता वाचला, आणि त्या गोंधळात एका साध्या कामगाराला रंगमंचावर पहिलं वाक्य बोलायला मिळालं. तो कामगार म्हणजे मी. इथे लोक टाळ्या वाजवतात.

यंदा तोच किस्सा लिहितो आहे. पण खरा.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण आता तो राहिलेला नाही. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. गावोगाव सिनेमाचे तंबू येऊ लागले होते, तरी खान्देशात कापूस विकला गेला की लोकांना नाटक हवं असे, आणि नाटकापेक्षाही पडदे हवे असत. राजवाडा, रस्ता, अरण्य, नदीकाठ, सगळं कापडावर रंगवलेलं. पडद्याच्या खालच्या कडेला एक लांब सागवानी वासा असे. दोन टोकांना दोन दोर. ते वर माळ्यावरच्या कप्प्यांतून जाऊन बाजूच्या विंगेत खाली येत. दोर ओढले की वासा फिरायचा आणि पडदा त्याच्याभोवती गुंडाळत वर जायचा. वर गेला की दोर खुंटीला बांधायचे. शिट्टी झाली की सोडायचे, पडदा खाली.

सगळी गोम त्या बांधण्यात होती. खुंटीला गाठ मारायची ती सुरगाठच. शेपूट ओढलं की सुटणारी. निरगाठ मारणाऱ्याला कंपनीत जेवायला वाढत नसत, असं आम्ही थट्टेत म्हणायचो. शिट्टी झाल्यावर गाठ सुटली नाही तर राणीला अरण्यात बसून राज्यकारभार करावा लागतो. जळगावला हे एकदा प्रत्यक्ष घडलं. राजवाड्याच्या पडद्याची गाठ सुटेना, तो खाली येईना आणि मागे अरण्यच दिसत राहिलं. आमच्या मालकांनी, म्हणजे आबासाहेबांनी, राजाच्या वेषात प्रवेश करून खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रिये, तुझ्यासाठी आम्ही आज दरबार वनातच भरवला आहे!" लोकांनी ते वाक्य 'वन्स मोअर' घेतलं. आबासाहेब नट म्हणून मोठेच होते. हे मी आजही नाकारत नाही.

पडद्यांचे प्रमुख होते गफूरभाई. जळगावचे. घरची पिंजाऱ्याची परंपरा, पण हे लहानपणीच कंपनीच्या मागे निघून आलेले. आमच्यात मराठे, मुसलमान, भिल्ल असे सगळे होते आणि बोलणं सगळ्यांचं अहिराणीच, 'आहे'ला 'शे' आणि 'इथे'ला 'आठे' म्हणणारी. मी धरणगावचा, कापसाच्या गोण्या उचलायच्या सोडून इथे आलेला. मी डावखुरा. त्यामुळे माझी सुरगाठ उलट्या अंगाने वळे. बाकी सगळ्यांच्या गाठीचं शेपूट उजवीकडे, माझ्या गाठीचं डावीकडे. अंधाऱ्या विंगेत दुसऱ्याचा हात चुकायचा आणि शिव्या मला मिळायच्या. कंपनीत माझं नावच डाव्या पडलं.

गफूरभाईंनी मला बदलायला लावलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कोनी गाठ मारी व्हती ते तरी समजी."

त्यांचा एकच कडक नियम होता. "दोरले सुरी लावानी नही." दोर झिजला तर झिजलेला भाग उसवायचा, चांगले पेड एकमेकांत गुंफायचे आणि दोर पुन्हा सलग करायचा. कापायचा नाही. कापलेल्या दोरावर माणसाने जीव टांगू नये, असं त्यांचं म्हणणं. हा नियम त्यांना सुकानानांनी शिकवला होता. सुकानाना म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने पडदेवाले. आमच्या सगळ्यांचे हात त्यांनीच घडवलेले.

भांडण या सुकानानांवरूनच झालं.

जळगावचा मुक्काम संपता संपता एक कप्पी अडकली. सुकानाना माळ्यावर चढले. ज्या दोराला धरून ते वर गेले तो कुजला होता. नवे दोर घ्या म्हणून गफूरभाई कितीतरी गावांपासून आबासाहेबांच्या मागे लागले होते. दोर तुटला, नाना खाली आले आणि पाय मांडीत मोडला. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. पुढचा मुक्काम धुळे. कंपनी निघाली त्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तेव्हा नाना खाटेवरून म्हणाले, "माले आठेच टाकी चालनात का रे?"

कंपनीची रीत सगळ्यांना माहीत होती. जायबंदी झालेला माणूस त्या मुक्कामावर सोडायचा. नट असला तर त्याला गाडीत घालून पुढे न्यायचे. पडदेवाल्याला सोडायचे.

धुळ्याला पोचल्यावर गफूरभाई आबासाहेबांकडे गेले. आम्ही सगळे मागे. त्यांच्या मागण्या दोनच होत्या. नानांना इथे आणा, पाय जुळेपर्यंत कंपनीच्या मुदपाकखान्यात जेवू द्या, आणि माळ्यावरचे दोर बदला. पगाराचा त्यांनी उच्चारही केला नाही.

आबासाहेब पान लावत होते. "गफूर, कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

"नही ना, आबासाहेब," गफूरभाई म्हणाले. "धरमशाळामाईन लंगडा माणूसले कोनी काढस नही."

मागे कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. आबासाहेबांनी पान तोंडात घातलं आणि म्हणाले, "परवा रविवारचा दुपारचा खेळ झाला की बघू."

'बघू' म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे पडदे वर घेतले. रोजच्यासारखेच. मग गफूरभाईंनी स्वतःच्या हाताने एकेका खुंटीवर निरगाठ मारली. एकावर एक. आणि त्या गाठींवर बादलीने पाणी ओतलं. तागाचा दोर भिजला की फुगतो आणि गाठ दगडासारखी होते. नखाने नाही, दाताने नाही, कशानेच सुटत नाही. निरगाठ मारताना ते खुंटीकडे बघतही नव्हते. पाप करत असल्यासारखे. मग ते म्हणाले, "काही तोडं नही, काही फोडं नही. पडदा वर शे, वरच राही. आते मालकले करू दे नाटक."

संप म्हणजे लोकांना वाटतं पडदा उघडत नाही. आमच्या संपात पडदा पडणार नव्हता. सगळं उघडं. मागच्या विटा, शिड्या, दोरीवर वाळत घातलेली राणीची लुगडी, सगळं प्रेक्षकांना दिसणार. पडदा नसलेल्या नाटकाला त्या काळी लोक तमासगिरांचं सोंग म्हणत, आणि आबासाहेबांना दुसरं काहीही चाललं असतं, ते चाललं नसतं.

आम्ही मागच्या दाराबाहेर निंबाखाली जाऊन बसलो. खान्देशी माणूस संपावर बसला तरी गप्पा मारतो. कोणी म्हणालं, आता आबासाहेब स्वतःच्या धोतराचा पडदा लावतील. सगळे हसले. मीही हसलो.

थोड्या वेळाने दिवाणजी आले. दिवाणजी म्हणजे कंपनीचा हिशेब आणि मालकाचे निरोप सांभाळणारे गृहस्थ. ते मला म्हणाले, "डाव्या, तुझ्या गावाकडून माणूस आला आहे." माणूस आलेला नव्हता. आबासाहेब रंगपटात चेहऱ्याला रंग लावत बसले होते. आरशातूनच माझ्याशी बोलले.

"तुझा आवाज चांगला आहे. विंगेत उभा राहून माझी स्वगतं म्हणतोस, ऐकलं आहे मी."

मी पोशाखांच्या दोरीकडे पाहिलं.

"किती वर्षं दोर ओढणार? आज सारथ्याचं काम करतोस? पोशाख तिथे आहे."

सारथ्याला एकच वाक्य होतं. 'महाराज, रथ सिद्ध आहे.' ते वाक्य मी कितीतरी खेळांत विंगेतून ओठ हलवत म्हटलं होतं.

"फक्त दर्शनी पडदा मोकळा कर. तो पडला की बाकीचं मी बघून घेतो. गाठ सुटत नसेल तर कापून टाक."

त्यांनी सुरी दाखवली नाही की दिली नाही. नारळ सोलायचा विळा कोपऱ्यात होता. तो मीच उचलला.

आज वाचकांना वाटेल, याला धमकावलं असेल, लाचार केलं असेल. नाही. मला ते वाक्य बोलायचं होतं. एवढंच खरं आहे.

दिवाणजींनी बाजारातून दोन हमाल आणले होते. कापसाच्या गाठी उचलणारे धट्टेकट्टे गडी, पण पडदा त्यांनी कधी विंगेतून पाहिला नव्हता. पडद्याचे दोन दोर दोन खुंट्यांना होते. पहिला दोर मी एका हाताने पेलला, गाठीच्या वर कापला आणि कापलेलं टोक त्याच खुंटीला पुन्हा बांधलं. हात सवयीने चालला. सुरगाठ. माझी, डाव्या वळणाची. विचार होता की दुसराही मोकळा करू आणि मग दोन्ही दोर बरोबर सोडू. दुसरा दोर हमालांच्या हाती दिला. म्हटलं, "घट्ट धरा, हळू सोडा." आणि विळा लावला.

ओला दोर त्यांच्या हातातून साबणासारखा सुटला.

कप्पी ओरडली. तो आवाज ज्याने ऐकला त्यालाच कळेल. वासा एका टोकाने खाली आला, तिरपा, आणि त्याच्या खाली आमच्या नायिकेचं काम करणाऱ्या सुंदराबाई पाठमोऱ्या बसून पूजेच्या जागी रांगोळी घालत होत्या. हमाल पळाले. मीही पळालो. मला पुढे व्हायचं होतं असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं, पण पाय मागे गेले. मी रंगपटाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि विळा शेल्यांच्या ढिगात टाकला.

गफूरभाईंनी निंबाखाली कप्पीचा आवाज ऐकला. ते संपावर होते. पडदा आबासाहेबांचा होता, पडला असता तर नुकसान त्यांचं होतं. पण दोर सुटल्याचा आवाज आला की पकडायचा, हे त्यांच्या हातांत सुकानानांनी घातलं होतं, आणि हातांना संप कळत नाही. ते धावत आले आणि वर पळणाऱ्या दोराला उघड्या तळव्यांनी मिठी मारली. दोर त्यांच्या हातांतून सळसळत गेला, मग थांबला. वासा सुंदराबाईंच्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबला. बाई किंचाळल्या. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की पडदा अंगावर येतो आहे आणि दोर गफूरच्या हातात आहे.

बाकीचे धावत आले. बाईंना बाजूला ओढलं, दोर खाली घेतला. पडदा एका टोकाने जमिनीवर आणि दुसऱ्या टोकाने माझ्या गाठीवर, असा वाकडा लटकत राहिला.

हमालांना दिवाणजींनी पुढच्या दाराने बाजारात परत पाठवलं होतं. आबासाहेब आले, तोंडाला अर्धा रंग. त्यांनी एक नजर टाकली आणि तेवढ्यात त्यांना सगळं सुचलं. मोठा नट होता, म्हटलं ना.

"पाहा!" ते ओरडले. "संप करतात आणि बाईमाणसाच्या जिवावर उठतात! दोर कापले! बोलवा पोलीस!"

हवालदार आले. त्यांनी कापलेली टोकं पाहिली. गफूरभाईंचे हात उलटे करून पाहिले. तळव्यांची कातडी गेली होती, मांस लाल दिसत होतं. "दोर कोणाच्या हातात होता ते दिसतंच आहे," हवालदार म्हणाले.

गफूरभाई म्हणाले, "साहेब, आम्ही दोरले सुरी लावतस नही."

"मग कोणी लावली?"

गफूरभाई उत्तर द्यायला खुंटीकडे वळले. आणि थांबले.

कापलेल्या दोराची गाठ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शेपूट डावीकडे. त्या कंपनीत एकच माणूस तशी गाठ मारत असे, आणि ते सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. 'ही गाठ कोणाची, विचारा.' एवढं एक वाक्य.

त्यांनी मान वर करून मला पाहिलं. मी रंगपटाच्या दारात उभा होतो. अंगात सारथ्याचा अंगरखा होता. तो मी केव्हा चढवला हे मला आजही आठवत नाही.

त्यांनी रक्ताळलेल्या हाताने गाठीचं शेपूट धरलं आणि ओढलं. गाठ सुटली. वासा धाडकन खाली आला, धूळ उडाली, पडदा पडला.

"हे काय केलंस?" हवालदारांनी त्यांचं मनगट धरलं.

"सुरगाठ शे, साहेब," गफूरभाई म्हणाले. "वढी का सुटस."

पुरावा मोडला, असं हवालदारांनी त्यांच्याच नावावर मांडलं. मला त्यांनी एवढंच विचारलं, "तू काही पाहिलंस?" मी म्हणालो, "मी रंगपटात होतो."

हवालदार गफूरभाईंना घेऊन गेले. बाकीचे पडदेवाले घाबरले आणि निमूट कामाला लागले. आबासाहेबांनी त्यांनाच नवे दोर आणायला पाठवलं. नवे दोर आले! त्या दिवशीच. खेळ उशिरा सुरू झाला पण झाला. खेड्यांतून बैलगाड्या करून आलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. मी रंगमंचावर गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "महाराज, रथ सिद्ध आहे." आवाज फुटला. पुढून एक शेतकरी ओरडला, "रथ शे ना? मंग बठ ना रे भो, वाट कोनी देखस!" सगळं थिएटर हसलं. आबासाहेबही राजाच्या मुकुटाखाली हसले. ते हसू मला आवडलं. हेही लिहून टाकतो.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पोलिसांनी गफूरभाईंना काही दिवसांनी सोडून दिलं, खटला उभा राहिला नाही. पण नाटकवाल्यांत 'दोर कापणारा' म्हणून नाव झालं की माणूस संपतो. कोणत्याही कंपनीने त्यांना माळ्याखाली उभं केलं नाही. सुकानानांना कोणी धुळ्याला आणलं नाही. आम्ही पुन्हा जळगावला गेलो तेव्हा ते वारले होते असं कळलं. कुठे, कसे, हे विचारायला मी गेलो नाही. आणि मी नट झालो. बरा झालो. तुम्ही मला ज्या भूमिकांसाठी ओळखता त्या सगळ्या त्या एका वाक्यामागून आल्या.

गफूरभाई मला एकदाच भेटले. रावेरला प्रयोग होता, काही वर्षांनंतर. दिवसा केळीच्या वखारीवरून चाललो होतो. केळीच्या घडांनी भरलेल्या गाडीवर दोर आवळणारा माणूस पाठमोरा होता, पण दोर टाकायची लकब ओळखीची होती. मी हाक मारली. ते वळले. तळवे बरे झाले होते, पण कातडी गुळगुळीत, चकचकीत, रेषा नसलेली.

"काय म्हनतस, डाव्या?" ते म्हणाले. "रथ सिद्ध शे का?"

मी म्हणालो, "चहा घेऊ या, गफूरभाई."

"हात कामात शेत," ते म्हणाले आणि दोर आवळायला लागले. बोलायचं ते बोललो नाही. संध्याकाळी प्रयोग केला.

त्यानंतर मी तो किस्सा सांगायला लागलो. आधी कोणी विचारलं म्हणून, मग हशा येतो म्हणून. संपवाले, कापलेले दोर, माझं फजितीचं वाक्य. गफूरभाईंचं नावही घेत असे. गेल्या हिवाळ्यात जळगावला माझा सत्कार झाला तेव्हाही घेतलं. समारंभ संपल्यावर एक बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. नाव सांगितलं, नसीमबानू. म्हणाल्या, "गफूरभाई माझे आजोबा. तुम्ही आज सांगितलंत की त्यांनी दोर कापले."

मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे."

"आमच्या घरी बाजेची सुतळी तुटली तरी ते कापू द्यायचे नाहीत. उसवून पुन्हा विणायचे. आम्ही मुलं हसायचो. असा माणूस दोर कापेल?"

त्यांचा प्रश्न खरा होता, टोमणा नव्हता. त्या खरंच मला विचारत होत्या, कारण मी तिथे होतो. मी हार हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मी घरी येऊन सांगतो."

हा लेख इथपर्यंत लिहिला आणि गेलो. त्यांच्या ओट्यावर बसून सगळा वाचून दाखवला. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला घालवून देतील. त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं, तुम्ही होता ते?"

"हो."

"आणि आम्हालाही सांगितलं नाही." त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले. "अब्बांना लहानपणी मुलं चिडवायची, दोरकाप्याचा पोरगा म्हणून. अब्बा तेच मनात घेऊन वारले. आजोबांनी त्यांनाही सांगितलं नाही."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ते राहू द्या. छापा. आणि डाव्या, गफूरभाई असं छापू नका, पूर्ण नावं घाला. त्यांचं आणि तुमचं."

घालतो.

अब्दुल गफूर शेख इस्माईल पिंजारी, राहणार जळगाव, यांनी धुळ्याला कोणताही दोर कापला नाही. त्यांनी तो धरला. दोर कापले ते मी, गोविंद दामू सोनवणे, मूळ राहणार धरणगाव. दोन्ही दोर.